पहिली सहल, मोजके पैसे आणि एकच मुक्काम

«ताई, मी 27 वर्षांची आहे. नोकरीला लागून चार वर्षं झाली. लहानपणी आम्ही सुट्टीत कधी कुठे गेलो नाही, कारण तेवढे पैसेच नसायचे. बाबा गेल्यावर आईने एकटीने सगळं ओढलं. गेलं वर्षभर दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकलेत. आता आईला घेऊन पाच-सहा दिवस कुठेतरी जावं असं फार वाटतंय. पण रोज रात्री फोन घेऊन बसते आणि डोकं भणभणतं. एक ठिकाण बघावं तर दुसरं स्वस्त दिसतं. विमान की रेल्वे, टूरबरोबर की आपलं आपण, आत्ता बुक करू की थांबू, काहीच ठरत नाही. मैत्रीण म्हणते, एवढ्या लांब जातेच आहेस तर चार ठिकाणं उरकून ये. आई म्हणते, माझ्यावर कशाला खर्च करतेस, तू जा. काहीतरी चुकीचं बुक केलं आणि पैसे पाण्यात गेले तर? आणि सहा दिवसांच्या रजेत हे सगळं बसवू कसं? या वयात असं विचारायची लाज वाटते, पण विचारायला दुसरं कुणी नाही.»

लाज कशाला? जे कधी केलंच नाही ते येणार कुठून? ज्यांच्या घरी दरवर्षी फिरायला जायची सवय असते त्यांना या गोष्टी कुणी शिकवत नाही. आई-वडिलांना बघून त्या अंगवळणी पडतात. तुला ते मिळालं नाही, म्हणून तू विचारलंस. आणि तुझ्या पत्रातल्या सगळ्या प्रश्नांमागे एकच गाठ आहे: तू ठिकाणापासून सुरुवात करतेयस. ठिकाणापासून सुरुवात केली की संपतच नाही, कारण जगात ठिकाणं भरपूर आणि प्रत्येकाचे फोटो सुंदर. तेव्हा आज रात्री फोन बाजूला ठेव आणि एक वही घे.

वहीत पहिल्या ओळीवर लिहायची ती जमलेली रक्कम. आकडा कितीही असो, त्याचे 100 भाग झाले असं समज. त्यातले 15 आत्ताच वेगळे काढ. हे पैसे सहलीचे नाहीत. आईचं पोट बिघडलं, गाडी चुकली, फोन पडून फुटला, तर त्यासाठी. काही झालं नाही तर ते जसेच्या तसे घरी परत येतील. उरले 85. त्यातले जाण्यायेण्याला जास्तीत जास्त 35. घराच्या दारातून निघाल्यापासून परत दारात येईपर्यंतचं सगळं त्यात धर, म्हणजे स्टेशनपर्यंतची रिक्षा किंवा टॅक्सी, विमानात बॅगेचे वेगळे पैसे, तिकडे उतरल्यावर मुक्कामापर्यंतचा प्रवास, सगळं. मग राहिले 50. पाच रात्रींच्या राहण्याला 22 धरले तर हातात 28 उरतात, म्हणजे सहा दिवसांत दोघींच्या खाण्यापिण्याला, तिथल्या बसला, प्रवेश तिकिटांना रोजचे साडेचार-पावणेपाच भाग. ही वाटणी कुठल्या नियमातली नाही, माझ्या अनुभवातली आहे. तुला खाण्यावर जास्त आणि राहण्यावर कमी खर्च करायचा असेल तर खुशाल बदल. पण ते 15 आणि ते 35 हलवू नकोस.

आता गंमत बघ. ज्या ठिकाणी दोघींच्या जाण्यायेण्यालाच 60 भाग लागतात ते ठिकाण या खेपेला आपोआप बाद झालं. वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, ते कुठे पळून जात नाही. जिथे 35 मध्ये पोचता येतं अशी तुझ्या यादीत तीन-चार ठिकाणं उरतील, फार तर पाच. तीन-चारांतून निवडणं हे माणसाचं काम आहे. चाळीसांतून निवडताना कुणाचंही डोकं भणभणेल.

पहिलीच सहल आहे तर आपल्याच देशात कर, असं माझं स्पष्ट मत. परदेशात बऱ्याच ठिकाणी व्हिसाची फी माणशी लागते, विमा लागतो, चलन बदलताना कात्री लागते, आणि अडलं तर भाषेपासून तयारी. तरी जायचंच ठरलं तर आधी पासपोर्टवरची शेवटची तारीख बघा. पुष्कळ देशांना तुम्ही तिथे पोचल्यापासून पुढे सहा महिने तो चालू असावा लागतो. युरोपातल्या शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटाचा, नियम वेगळा आहे: तिथून निघायच्या दिवसापासून पुढे तीन महिने, आणि पासपोर्ट काढून दहा वर्षं झालेली नसावीत. तिकडे कार्डाने पैसे देताना मशीन विचारेल की रक्कम तुमच्या चलनात घेऊ की इथल्या? इथल्या चलनातच घ्यायला सांगा. आपल्या चलनातला आकडा वाचायला सोपा वाटतो, पण त्यातला विनिमय दर बहुतेक वेळा महागात पडतो.

आता तुझ्या मैत्रिणीचा सल्ला, चार ठिकाणं उरकून यायचा. तिच्या मनात वाईट काही नाही, पण हा सल्ला तू ऐकू नकोस. का, ते जरा विस्ताराने सांगते, कारण स्वस्त सहलीतली सगळ्यात मोठी गोष्ट माझ्या मते हीच आहे आणि ती कुणी सांगत नाही.

माझी पहिली सहलही आईबरोबरच होती. पाच दिवस, तीन शहरं. कागदावर ते इतकं छान दिसत होतं! रात्रीची गाडी घेतली, म्हणजे एका रात्रीचं खोलीभाडं वाचलं. पहाटे पाचला आम्ही मुक्कामाच्या दारात. काउंटरवरचा मुलगा झोपेतून उठून आला, वहीत बघितलं आणि म्हणाला, रूम दोनला मिळेल, आत्ता सगळ्या भरलेल्या आहेत. त्याचं काही चुकलं नव्हतं. बुकिंगच्या कागदावर चेक-इन दुपारी दोन असं छापलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. आई बाहेरच्या पायरीवर बसली, बॅग मांडीवर घेऊन. रात्रभर बसून तिचे पाय सुजले होते, चपलेचा पट्टा पायावर रुतला होता. पहाटेची थंडी होती. अर्ध्या तासाने मी समोरच्या दुसऱ्या लॉजवर जाऊन सहा तासांसाठी खोली घेतली, आणि रात्रीचं जे भाडं वाचवलं म्हणून खूश होते, ते तिथे जवळजवळ सगळं गेलं. त्यानंतर दुसरं शहर, तिसरं शहर. चौथ्या दिवशी सकाळी आईने डोळे उघडले आणि पहिलं वाक्य विचारलं, «आज परत बॅग भरायची का गं?» ती कुरकुर करत नव्हती, नुसतं विचारत होती. आज ती सहल आठवली की मला पाहिलेली देवळं-किल्ले आधी आठवत नाहीत, ते वाक्य आठवतं.

हिशोब करून बघ. मुक्काम हलवायचा म्हणजे सकाळी सामान आवरा, अकरापर्यंत खोली सोडा, गाडी पकडा, नवीन ठिकाणी दोन-तीनच्या आधी खोली मिळत नाही, तोवर बॅगा सांभाळत बसा, मग जागा शोधा. अर्धा दिवस गेला, कितीही चपळ असलात तरी. चार ठिकाणं म्हणजे मधल्या तीन हलवाहलवी, म्हणजे दीड दिवस. त्यात पोचायचा आणि निघायचा दिवस धर. सहा दिवसांतले निवांत उरतात जेमतेम अडीच. आणि पैसे? प्रत्येक हलण्याला दोघींचं गाडीभाडं, वर दोन वेळा स्टेशन ते मुक्काम, वर घाईत मिळेल तिथे मिळेल ते खाणं. घाईत माणूस भाव विचारत नाही. सहलीचे पैसे सगळ्यात जास्त गळतात ते या हलण्याच्या दिवशी.

म्हणून एकच गाव निवड आणि पाचही रात्री तिथेच राहा. आजूबाजूला तास-दोन तासांवर काही बघण्यासारखं असेल तर सकाळी जा, संध्याकाळी परत ये, बॅग खोलीतच. सलग पाच रात्री राहणार म्हटल्यावर बऱ्याच ठिकाणी भाड्यात थोडी सवलतही मिळते, फोन करून विचारायला संकोच करू नकोस. बस-मेट्रोचा अनेक दिवसांचा पास मिळत असेल तर तो एकाच गावात राहिल्यावर खरा वसूल होतो. आणि तिसऱ्या दिवशी एक वेगळीच गोष्ट घडते. कोपऱ्यावरचा दुकानदार ओळखायला लागतो, कुठली बस कुठे जाते ते पाठ होतं, आई एकटी खाली जाऊन फेरफटका मारून येते. पहिल्यांदा प्रवास करणाऱ्याला हा आत्मविश्वास फार मोलाचा असतो.

दिवस कुठले निवडायचे? रजेच्या तारखा तुझ्या हातात असतील तर ऐन सीझन टाळ. शाळांना सुट्ट्या असतात तेव्हा आणि सणांना जोडून शनिवार-रविवार येतात तेव्हा सगळंच दुप्पट होतं. पण अगदी ऑफ सीझनलाही जाऊ नकोस, तेव्हा हवा वाईट असते आणि अर्ध्या गोष्टी बंद. सीझन नुकताच संपलाय किंवा सुरू व्हायला दोन-तीन आठवडे आहेत असे कडेचे दिवस पकड. मंगळवारी-बुधवारी निघणं शुक्रवारी निघण्यापेक्षा सहसा स्वस्त पडतं.

भाडी अशी वरखाली का होतात, हे एकदा समजून घेतलं की रात्री जागून बघायची गरज उरत नाही. रिकामी गेलेली खुर्ची किंवा रिकामी राहिलेली खोली दुसऱ्या दिवशी विकता येत नाही, ती गेलीच. म्हणून विकणारा सतत अंदाज बांधत असतो. 1978 मध्ये अमेरिकेत विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि त्यानंतर हे अंदाजाचं शास्त्रच झालं. विमानात सगळ्या खुर्च्या सारख्या दिसल्या तरी तिकिटं वेगवेगळ्या भावांच्या गटांत विभागलेली असतात. स्वस्त गट संपला की पुढचा उघडतो. फोनवर परत परत बघितल्यामुळे भाडं वाढतं असं लोक म्हणतात, पण बहुतेक वेळा आधीचा गट संपलेला असतो, एवढंच. यातून एक कामाची गोष्ट निघते. दोन तिकिटं एकदम शोधलीस आणि स्वस्त गटात एकच शिल्लक असेल, तर बऱ्याचदा दोन्ही तिकिटांना वरचा भाव दाखवतात. म्हणून एकदा एका माणसासाठीही शोधून बघ. फरक मोठा असेल तर दोघींचं वेगवेगळं काढता येईल. फक्त मग खुर्च्या शेजारी मिळतील ना हे आधी तपास, आईला एकटीला मागे बसवू नकोस.

आत्ता बुक करू की थांबू, याचं उत्तर असं: तुझ्या 35 भागांत दोघींचं येणंजाणं बसतंय असा भाव ज्या दिवशी दिसेल, त्या दिवशी घे आणि परत त्याकडे बघू नकोस. अजून थोडं उतरेल म्हणून थांबणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. दोघांचे वाचले असतील, बाकीच्यांनी जास्तच मोजले. आणि घेतल्यावर रोज भाव तपासत बसणं म्हणजे विकत घेतलेली हुरहुर.

पैसे द्यायच्या आधी मात्र चार गोष्टी मोठ्याने वाचायच्या. खरंच मोठ्याने वाच, आईला ऐकव.

पहिली, नाव. ओळखपत्रावर किंवा पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर. घरातलं हाक मारायचं नाव नको, अर्धवट आडनाव नको. दुसरी, तारीख. 15 तारखेला रात्री साडेबाराचं विमान म्हणजे तुला 14 तारखेच्या रात्री घरून निघायचंय. याच्यात भले भले फसतात आणि 15 च्या रात्री विमानतळावर जाऊन उभे राहतात, विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. तिसरी, गावाचं नाव. कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतात सिडनी नावाचं एक छोटं शहर आहे आणि ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला जायला निघालेले प्रवासी तिथे जाऊन उतरल्याच्या घटना घडलेल्या आहेत. एका नावाची दोन गावं सगळीकडे असतात. चौथी, विमानतळ किंवा स्टेशन गावापासून किती लांब. फ्रँकफर्ट-हान नावाचा विमानतळ फ्रँकफर्टपासून सुमारे 120 किलोमीटरवर आहे, पॅरिस-बोव्हे पॅरिसपासून साधारण 85 किलोमीटरवर. तिकीट स्वस्त असतं ते काही उगाच नाही. पुढच्या बसचे दोघींचे पैसे आणि दीड-दोन तास मिळवून मग तुलना कर.

आणखी एक. दोन विमानं बदलून जाणं स्वस्त दिसलं तर ती दोन्ही एकाच तिकिटावर आहेत का बघ. वेगवेगळी तिकिटं असतील आणि पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरं गेलं ते गेलं, कुणी भरून देत नाही. पहिल्या प्रवासात या भानगडीत पडूच नकोस, थेट जाणारी गाडी किंवा थेट विमान घे, थोडं महाग असलं तरी.

राहण्याच्या जागेबद्दल मला दूरच्या स्वस्त खोलीपासून तुला वाचवायचंय. गावाबाहेरची खोली नेहमी स्वस्त दिसते. समज, गावातली खोली रोजचे साडेचार भाग मागते आणि बाहेरची साडेतीन. एक भाग वाचला. पण दोघींचं गावात येणंजाणं दिवसातून एकदा तरी होणार, रात्री उशीर झाला तर टॅक्सी करावी लागणार, आणि मुख्य म्हणजे दुपारी आईला तासभर पडावंसं वाटलं तर परत जाता येणार नाही. तो वाचलेला एक भाग दुपारपर्यंत संपलेला असतो. म्हणून नकाशावर बघ: बसथांबा किंवा स्टेशन चालत दहा मिनिटांत आहे का, रस्ता रात्री वर्दळीचा आहे का, दुकानं आहेत का. रिव्ह्यू वाचताना पाच तारेवाले सोडून दे. गेल्या तीन-चार महिन्यांतले तक्रारीचे वाच. एकच तक्रार पाच जणांनी केली असेल तर ती खरी. पाण्याची, आवाजाची, स्वच्छतेची तक्रार असेल तर पुढे जा. न्याहारी आवडली नाही एवढीच असेल तर चालेल.

मग त्या जागेला थेट फोन कर. लिफ्ट आहे का, नसेल तर खालच्या मजल्यावर खोली मिळेल का, बाथरूम कसं आहे, आपण सकाळी लवकर पोचलो तर बॅगा ठेवून घेतील का, आणि भाड्यावर आणखी कुठले कर किंवा शुल्क तिथे द्यावं लागतं का. अनेक शहरांत पर्यटकांकडून दर माणशी दर रात्री कर घेतात आणि तो बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो. फोनवर उत्तर देणाऱ्या माणसाच्या बोलण्यावरून त्या जागेचा अर्धा अंदाज येतो. हॉस्टेल म्हणजे फक्त तरुण पोरांचं ठिकाण असं वाटत असेल तर तेही डोक्यातून काढ. 1912 मध्ये जर्मनीतल्या आल्टेनाच्या किल्ल्यात रिचर्ड शिर्मान नावाच्या शाळामास्तरांनी पोरांना पायी भटकंतीत स्वस्तात राहता यावं म्हणून कायमचं वसतिगृह सुरू केलं, त्यातून ही कल्पना जगभर पसरली. आज कित्येक हॉस्टेलांत दोघा-तिघांच्या स्वतंत्र खोल्या असतात, स्वयंपाकघर वापरता येतं. आईला चहा आपल्या हाताने करता आला की तिचा निम्मा शीण जातो.

बुकिंग करताना पहिल्या वेळी फुकट कॅन्सल होणारंच घे. पैसे परत न मिळणारी खोली थोडी स्वस्त असते, पण तुझ्या मनात जी भीती आहे, चुकलं तर काय, तिच्यावर फुकट कॅन्सल होणारं बुकिंग हाच उपाय आहे. कॅन्सल करायची शेवटची तारीख आणि वेळ लगेच फोनच्या कॅलेंडरात टाकून ठेव. आणि बुकिंग झाल्यावर कुणी मेसेज करून म्हणालं की कार्ड पडताळणीसाठी या लिंकवर जा, नाहीतर बुकिंग रद्द होईल, तर जाऊ नकोस. मेसेज बुकिंगच्या अ‍ॅपमध्ये आला असला तरीही नाही. हॉटेलची खाती हॅक करून असे मेसेज पाठवतात. आधी त्या जागेला फोन करून विचार. सुट्टीच्या घरांची खोटी जाहिरात करून आगाऊ पैसे मागणारेही असतात. जो साइटच्या बाहेर पैसे पाठवायला सांगतो त्याच्याकडून घेऊच नये.

टूरबरोबर की आपलं आपण? टूरची कल्पना वाईट नाही, तिचा जन्मच प्रवासाला नवख्या असलेल्या माणसांसाठी झाला. 5 जुलै 1841 रोजी थॉमस कुक यांनी इंग्लंडमध्ये लेस्टरहून लफबरोला सुमारे 500 लोकांना रेल्वेने नेलं, तेव्हा त्यातले कितीतरी जण आयुष्यात पहिल्यांदा गाडीत बसले असतील. एकट्याने निभावणार नाही ते गटाने निभावतं. पण आजच्या टूरमध्ये तुमच्या आईच्या चालीने कुणी चालणार नाही. सकाळी सहाला बसमध्ये बसायचं म्हणजे बसायचं. तुम्ही दोघीच आहात, एकाच गावात राहणार आहात, तेव्हा आपलं आपण करा आणि मधल्या एखाद्या दिवशी तिथल्या तिथे एका दिवसाची टूर घ्या. लांबचं ठिकाण, वाटेत गाडी बदलायला लागते असं काही असेल ते त्या दिवशी होऊन जाईल. तरीही पूर्ण पॅकेज घ्यायचं मनात आलंच तर जाहिरातीतला आकडा बघू नकोस. काय काय धरलेलं नाही त्याची यादी लेखी माग आणि ती रक्कम त्यात मिळव.

बघण्याच्या गोष्टींना खर्च लागतोच असं नाही. लंडनचं ब्रिटिश म्युझियम, वॉशिंग्टनमधली स्मिथसोनियनची संग्रहालयं, इतकी मोठी असून रोजच्या प्रवेशाला शुल्क नाही. जिथे तिकीट असतं तिथेही महिन्यातला एखादा दिवस किंवा संध्याकाळचे काही तास फुकट असतात, त्या जागेच्या अधिकृत साइटवर बघून दिवस ठरव. बागा, नदीकाठ, बाजार, जुन्या गल्ल्या यांना कुठे तिकीट असतं? दिवसाला एकच मोठी गोष्ट ठेव. सकाळी ती बघायची, दुपारी आराम, संध्याकाळी नुसतं हिंडायचं.

सामानाबद्दल थोडक्यात. दोघींची मिळून एक मध्यम बॅग आणि एकेक खांद्यावरची. बॅग भरून झाली की ती उचलून एक जिना चढून बघ, दमलीस तर दोन कपडे काढ. विमान असेल तर घरीच वजन कर, कारण जास्तीच्या किलोचे पैसे काउंटरवर सगळ्यात महाग पडतात. आईची औषधं मोठ्या बॅगेत नकोत, खांद्यावरच्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, दोन दिवसांची जास्त. पॉवर बँकही जवळच्याच बॅगेत, काउंटरवर देऊन टाकतो त्या बॅगेत तिला परवानगी नाही. साधारण 100 वॉट-अवरपर्यंतची चालते. 20,000 एमएएच लिहिलेली म्हणजे 3.7 व्होल्टने गुणून हजाराने भागलं की 74 वॉट-अवर होतात, काळजी नको. आंतरराष्ट्रीय विमान असेल तर जवळच्या बॅगेतलं तेल, शाम्पू, क्रीम 100 मिलीपर्यंतच्या बाटल्यांत. मोठी बाटली अर्धी असली तरी बहुतेक विमानतळांवर चालत नाही, बाटलीवर छापलेलं माप बघतात.

आता आईचं. «माझ्यावर कशाला खर्च करतेस» हे वाक्य माझीही आई म्हणायची. ज्या बाईने वर्षानुवर्षं स्वतःसाठी काही मागितलंच नाही तिला घेणं जड जातं. तिच्याशी वाद घालू नकोस, आग्रहाचं भांडण तर नकोच. तिला विचार, आई, तुला लहानपणापासून कुठे जावंसं वाटायचं? कदाचित ती समुद्र म्हणेल, डोंगर म्हणेल, एखाद्या गावाचं नाव घेईल. तुझ्या यादीतल्या तीन-चार ठिकाणांपैकी जे त्याच्या जवळ जातं ते निवड. मग तिला काम दे. हिशोबाची वही तिच्याकडे सोपव. माझ्या आईने दुसऱ्या सहलीत ती वही घेतली होती. रात्री खोलीत कॉटवर बसून चष्मा लावून ती लिहायची, बस, पाणी, तिकीट, चहा. बेरीज करायची आणि म्हणायची, आज ठरल्यापेक्षा कमी झाला. दुसऱ्या दिवशी त्या उरलेल्यातून काय घ्यायचं ते तीच ठरवायची. ती आता पाहुणी राहिली नव्हती, सहल तिचीही झाली होती. तू मात्र खोलीचं भाडं तिच्यासमोर परत परत बोलू नकोस. ते आधीच भरून टाक, म्हणजे रोजच्या वहीत ते येणारच नाही आणि तिच्या घशात घास अडकणार नाही.

तुझ्या मनातही अपराधीपणा आहे, पत्रात तू लिहिला नाहीस तरी तो दिसतो. वर्षभर बाजूला टाकलेले पैसे आहेत हे. कुणाचं कर्ज काढलेलं नाहीस, कुणाचा घास काढलेला नाहीस. कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर जायचं म्हणाली असतीस तर मी सरळ थांबायला सांगितलं असतं, कारण व्याजासकट ती सहल कितीतरी महाग होते. तू तसं काही करत नाहीयेस. जा.

आणि रजेचं. सहा दिवसांची रजा शनिवार-रविवारांमध्ये अशी बसव की निघायच्या दिवशी ऑफिसमधून धावत स्टेशन गाठावं लागणार नाही. पाच रात्री, सहा दिवस बाहेर, आणि परत आल्यावर एक पूर्ण दिवस घरी. हा घरचा दिवस कापू नकोस, कितीही मोह झाला तरी. परतीची गाडी तीन-चार तास उशिरा आली तरी दुसऱ्या दिवशी तुला कामावर जायचं नसेल, कपडे धुतले जातील, आईचे पाय दुखत असतील तर ती पडून राहील. त्या दिवशी दुपारी दोघी मिळून वही काढा, त्या 15 भागांतले किती परत आले ते मोजा आणि मला कळवा.